मगरीला खायला काय दिलंय?

७ जून

इंदाय,

गवायचा, सुगीचा एवढा मोठा सण झाला आणि मी घरी आले नाही. तू आता म्हणशील, ‘सणाला पोटची पोर फिरकत नाही आणि मागाहून कागद पाठवते.’ म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण बेलायोंग वाचतोय तोवर बसून ऐक. मध्येच उठून डुकरांना घालायला जाऊ नकोस. आई म्हणून एवढं तरी कर.

फोनचं तर तू नावच काढू देत नाहीस. बेलायोंगने तुला टेकडीवर चढवून फोन कानाला लावून दिला, आणि तू नुसता श्वास सोडत उभी राहिलीस. मी इकडे ‘इंदाय, इंदाय’ करून घसा कोरडा केला. म्हणून पत्र.

(बेलायोंग, नियम ऐक. कंसात लिहीन ते तुझ्यासाठी. ते मोठ्याने वाचायचं नाही. भाऊ म्हणून तुझ्यावर जीव आहे, पण तुझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या नदीला माहीत आहे. एवढं मात्र ठेव.)

मी बरी आहे. वाचनालयात शनिवारचा मुलांचा वर्ग चालू आहे. हो, चालू आहे, लपवून काय करू? तू म्हणाली होतीस, ‘ते थेर बंद होईपर्यंत माझ्या ओसरीवर पाऊल टाकू नकोस.’ नाही टाकलं. हट्ट काही बाबांकडून आला नाही माझ्यात.

पण तू तो वर्ग कधी पाहिलाच नाहीस गं. तेरा-चौदा ते सतरा वर्षांची मुलं ही. बहुतेक हॉस्टेलची, घरं नदीच्या वर कुठे कुठे. आधी नुसती थंड हवेसाठी वाचनालयात यायची आणि टेबलावर डोकं ठेवून झोपायची. मी म्हटलं, हातांना काहीतरी देऊ या. पहिल्यांदा कागदाचे कंदील केले, मग मण्यांच्या माळा, मग अंड्यांच्या ट्रेचे मुखवटे. खुर्च्यांना गोंद, फरशीला रंग आणि आमच्या मुख्य बाई काक फरीदा यांच्या कपाळाला आठ्या. पण मुलं जागी झाली. मग मागच्या वर्षी मी दोन कमरेचे माग आणले आणि पुआ, आपलं गाठी बांधून रंगवायचं नक्षीचं कापड, शिकवायला घेतला, आणि तिथे तुझं-माझं फाटलं.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. पुआ ओसरीवर शिकायचा, आईच्या मांडीला मांडी लावून. ट्यूबलाइटखाली नाही, मुलग्यांना नाही, चिनी-मलय पोरांना नाही, आणि पुस्तकात बघून तर नाहीच नाही. पण इंदाय, ह्या मुलींच्या आया लाकूडतोडीच्या कॅम्पात स्वयंपाक करतात. मांडीला मांडी लावायला आहे कोण? म्हणून मी शिकवते, मला येतं तेवढंच. म्हणजे वेलीची नक्षी. तू मला वेलीच्या पुढे कधी जाऊच दिलं नाहीस.

मुलं मला काक म्हणतात, म्हणजे ताई. परवा टिंग, हार्डवेअरवाल्याचा मुलगा, आम्हांला बांधायची प्लास्टिकची दोरी तोच आणतो, विचारत होता, ‘काक, गाठी मारून पुन्हा सोडायच्याच आहेत, तर मारायच्या कशाला?’ त्याला सांगितलं, गाठ असते तिथल्या सुतात रंग शिरत नाही, तिथे नक्षी राहते. तो म्हणाला, ‘म्हणजे सगळी मेहनत रंग न लागण्यासाठी?’ तू असतीस तर त्याला सुपारी कुटायचा दांडा हाणला असतास.

बरं, एक विचारायचं होतं. सहजच. आपल्याकडे वेल झाली की कोंब, मग पुढे पक्षी-बिक्षी, आणि मगर म्हणजे नातवंडंबितवंडं झालेल्या बाईने, तेही स्वप्नात कुणी येऊन सांगितलं तरच, असं तुम्ही सगळ्या सांगायचात. समज, एखाद्या मुलीने पहिल्याच कापडावर मगर बांधली, तर काय होतं? म्हणजे खरंच काही होतं, की आम्हांला धाकात ठेवायला सांगायचात? सहज विचारते. कुणी बांधलेली नाही.

तुझी,
उमांग

(बेलायोंग, उत्तर लवकर आण. ती पान चघळत गप्प बसली तरी सारखं विचार. शनिवारी एक मुलगी वर्गातून लवकर गेली, चेहरा पांढराफटक होता. हे वाचलंस तर बोटीचं इंजिन नदीत बुडो तुझं.)

१० जून

इंदाय,

काल धक्क्यावर बेलायोंग भेटला. तुझं उत्तर त्याने तुझ्याच आवाजात सांगितलं, गालात सुपारी असल्यासारखं: ‘मगरीचं कुणी सहज विचारत नाही.’

झालं. नदीच्या वरच्या अंगाहून एवढं एक वाक्य आलं आणि माझं खोटं उघडं पडलं.

बरं बाई, बांधलीय एका मुलीने. जेलिया तिचं नाव. पंधरा वर्षांची आहे, आपल्यातलीच, पण घरात माग कधी बघितलेला नाही. पहिल्या दिवशी आली तेव्हा कुणाशी बोलेना, नखाजवळची कातडी सोलत कोपऱ्यात बसली होती. मी हातात सूत दिलं. इंदाय, त्या पोरीची बोटं! मी दाखवायच्या आत तिची गाठ झालेली असायची. मला वाटलं, हिला हे मी नाही शिकवत, हिच्या हातांना कुठूनतरी आठवतंय.

वेल दिली होती मी तिला, शपथ घेऊन सांगते. थोडी बांधली आणि कंटाळली. एका शनिवारी बघते तर ते जाडजूड संग्रहालयाचं पुस्तक उघडून बसलेली, आणि चौकटीवरच्या सुतात अर्धी मगर झालेली. डोळा, जबडा, पाठीवरचे काटे. मी म्हटलं, ‘अगं जेलिया, ही मोठ्या बायकांची नक्षी.’ ती मान वर न करता म्हणाली, ‘मग मोठ्या बायका कुठे आहेत, काक?’

टिंगने मध्येच तोंड घातलं, ‘हिच्या मगरीला शेपूट आहे की मिरची?’ ती म्हणाली, ‘तुझ्या नाकापेक्षा सरळ आहे.’ सगळी हसली. मीही हसले आणि ते तसंच पुढे गेलं. खोटं कशाला बोलू, मला ती मगर बघून आनंद झाला होता. इतका सफाईदार हात तुझ्यानंतर मी पाहिलेला नाही. मी थांबवायला हवं होतं का? तू म्हणशील, हा काय प्रश्न झाला.

गवायच्या आधी तिची मगर बांधून पूर्ण झाली. रंगवायची अजून बाकी आहे, चौकट तशीच वाचनालयात उभी आहे. आणि परवापासून पोरीला ताप आहे. उतरत नाही. हॉस्टेलच्या बाई म्हणतात, परीक्षा जवळ आली की मुलींना ताप येतोच. पण ती जेवत नाही, असं तिच्या खोलीतली मुलगी सांगते. भात पुढे ठेवला की भिंतीकडे तोंड करते.

इंदाय, मी शिकलेली आहे, पुस्तकांत बसते. ताप हा ताप असतो, मला कळतं. पण तू आम्हांला सांगायचीस ना, ताकदीबाहेरची नक्षी घेतली की बांधणारी कोमेजत जाते, आधी तिची भूक मरते. ते मला आता विसरता येत नाही. मी विसरायचा फार प्रयत्न केला. काल पुस्तकांवर शिक्के मारताना एकाच पुस्तकावर चार शिक्के मारले.

काय करू ते सांग. नुसती रागावू नकोस, सांग.

उमांग

(बेलायोंग, तू म्हणालास, ‘म्हातारी हल्ली लवकर आत जाऊन पडते.’ का पडते? तब्येत बरी आहे ना? मला वेगळं सांग.)

१३ जून

इंदाय,

जेलियाला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. डॉक्टर म्हणतात डासांचा ताप, गावात खूप जणांना आहे, रक्तातल्या प्लेटलेट उतरताहेत, पुढचे काही दिवस जपायचे. सलाईन लावलंय. मी गेले होते. ओळखलं तिने मला. म्हणाली, ‘काक, रंग कधी लावायचा?’ आणि डोळे मिटले. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

काल शनिवार. वर्ग बंद ठेवावा असं मनात होतं, पण मुलं आली, त्यांना परत कसं पाठवू? सगळ्यांना मणी ओवायला दिले. टिंगसुद्धा मान खाली घालून ओवत होता. तेवढ्यात दार उघडून एक बाई आत आली, बूट चिखलाने भरलेले, कॅम्पातून लाकडाच्या ट्रकवर बसून आलेली.

‘उमांग कोण?’

‘मी.’

‘मी जेलियाची आई, इंदाय जेलिया. माझ्या पोरीने काय बांधलंय ते दाखव.’

दाखवलं. बघितलं आणि ती मटकन खालीच बसली. मग इतकी हळू बोलायला लागली की मला खाली वाकून ऐकावं लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘हे तिला दिलं कुणी?’

‘तिने पुस्तकात बघून…’

‘पुस्तक येणार आहे का तिच्या उशाशी बसायला?’

काक फरीदा धावत आल्या. म्हणाल्या, ‘बाई, हा डासांचा ताप आहे हो. माझ्या दिरालाही झाला होता, बरा झाला. नक्षीने कुणाला ताप येतो का?’ इंदाय जेलिया म्हणाली, ‘तुमच्या दिराचं तुम्ही बघितलंत, माझ्या पोरीचं मला बघू द्या. मी दर रविवारी चर्चला जाते. डॉक्टरवरही माझा विश्वास आहे, त्यांनी सुई लावलीय ती मी काढणार नाही. पण ही बाई त्या वरच्या अंगाच्या विणकरीण म्हातारीची मुलगी ना? तुझी आई जिवंत आहे ना गं?’

मी म्हटलं, ‘आहे.’

‘मग तिला आण.’

एवढंच म्हणाली आणि हॉस्पिटलकडे गेली. मुलांनी मणी खाली ठेवले. एक लहान मलय मुलगी आहे वर्गात, ती रडायला लागली. तिने मगर बांधताना जेलियाला दोरी कापून दिली होती, म्हणून तिलाही काही होणार का, असं विचारत होती. तिला जवळ घेतलं, म्हटलं, काही होत नाही. मलाच खरं वाटत नव्हतं, तिला काय धीर येणार?

संध्याकाळी काक फरीदांनी बोलावून सांगितलं, पोरगी बरी होईपर्यंत ठीक, पण काही वेडंवाकडं झालं तर हा वर्ग कायमचा बंद, आणि वरच्यांना उत्तर मी द्यायचं. मला वर्गाचं आता काही वाटत नाही. पोर जगू दे, वर्ग गेला खड्ड्यात. हे ऐकून तुला बरं वाटेल. वाटू दे.

इंदाय, तू जिंकलीस. ये. तू म्हणशील ते मी करीन. पण ही दुसऱ्याची मुलगी आहे. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस.

उमांग

१६ जून

इंदाय,

तुझा निरोप मिळाला. बेलायोंगने खास त्यासाठी दिवसभराचं डिझेल जाळलं. मला वाटलं, काही मंत्र असेल, काही कोंबडं कापायला सांगशील. तू विचारलंस, ‘मगरीला खायला काय दिलंय?’

मला आधी कळलंच नाही. धक्क्यावर उभी राहून मी बेलायोंगलाच विचारत बसले, ‘म्हणजे काय?’ तो म्हणाला, ‘मला काय विचारतेस, मी इंजिनवाला माणूस. जा आणि बघ.’

गेले, बघितलं. काही नाही गं. मगरीच्या चारी बाजूंना मोकळं सूत. तोंडापुढे तर एवढी मोठी रिकामी जागा की बघूनच भीती वाटावी. मग ते पुस्तक काढलं. पानभर एकटी मगर, फोटो अगदी जवळून काढलेला. पुढची-मागची पानं चाळत गेले तेव्हा तळाशी छोटासा दुसरा फोटो सापडला, त्याच पुआचा, पण अख्ख्या. त्यात मगरीच्या जबड्यापुढे, पोटाखाली, शेपटीपाशी बारीक बारीक मासे बांधलेले. त्या बाईने तिला पोटभर वाढलं होतं. पुस्तक करणाऱ्याला मगरच दाखवायची होती, त्याने बाजूचं सगळं कापून टाकलं. आणि आमच्या पोरीने जेवढं पानावर होतं तेवढं नेमकं उतरवलं, एक गाठ इकडची तिकडे नाही.

ओसरीवर शिकली असती तर पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं असतं, ‘अगं भवाने, आधी मासे बांध!’ आमच्या खोलीत ओरडायला कुणी नव्हतं. मी होते, पण मला माहीत नव्हतं. हे मी तुला चिडवायला लिहीत नाही. तुझं खरं होतं, एवढंच म्हणते.

जेलिया तशीच आहे. प्लेटलेट आणखी उतरल्या. हिरड्यांतून रक्त येतंय. इंदाय जेलिया खाटेखाली चटई टाकून बसलीय, माझ्याशी बोलत नाही, पण मी नेलेली पेज ठेवून घेते.

आणि तुझे डोळे! दोन्ही डोळ्यांत पडदा आलाय, माग बंद आहे, चुलीपाशी चाचपडतेस, आणि हे मला बेलायोंगच्या तोंडून चुकून कळतं? रागावलेली असलीस म्हणून काय, डोळे गेले तरी कळवायचं नाही? मी इथे पत्रांवर पत्रं लिहितेय, ‘ये, ये’ म्हणतेय, आणि तुला तर बोटीची पायरी दिसणार नाही. आता येऊ नकोस. नदी भरलेली आहे, मध्ये धारेचे खडक आहेत. तू फक्त सांग, मासे कुणी बांधायचे आणि कसे, मी कुणातरी म्हाताऱ्या बाईला शोधते. मी स्वतः काही हात लावणार नाही. तुझी परवानगी नाही, मला माहीत आहे.

उमांग

(बेलायोंग, हे अजिबात वाचू नकोस, हात जोडते. मी काल दुपारी दार लावून मासे बांधले. मीच. कुणाची वाट बघू? पोरीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. मला वेलीपलीकडे काही येत नाही, माशांच्या काकड्या झाल्यात, पण बांधले, जबड्यापुढे सगळ्यात मोठा. बांधताना दोरी दातांत धरली. कालपासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. भीतीने असेल. भीतीनेच असणार. मला काही झालं तर तिला एवढंच सांग की मी ऐकलं नाही, नेहमीसारखं.)

२५ जून

बेलायोंग,

हे पत्र तुला एकट्यालाच आहे, तेव्हा कंस नाहीत.

तुझ्या गळ्यात पडू की तुझं डोकं फोडू, कळत नाही. कंसातलं वाचलंस. इंदाय सांगत होती, ‘तो म्हणाला, इथे वाचू नको म्हणून लिहिलंय, म्हणून जरा मोठ्याने वाचतो.’ आणि वाचून झाल्यावर ती उठली आणि टोपली भरायला लागली. तुला तिला अडवता आलं नाही? एवढा दांडगा बाप्या तू!

तू तिला धक्क्यावर सोडून परत गेलास, त्यानंतरचं सांगते.

शनिवार होता. मुलं नुकतीच बसली होती. दारात टिंगचा बाप, आणि त्याच्या दंडाला धरून इंदाय. रस्त्यात जो पहिला माणूस भेटला त्याला तिने हुकूम सोडला होता, ‘मला पुस्तकांच्या घरात ने.’ केवढीशी झालीय रे ती! मी ‘इंदाय’ म्हणून पुढे झाले तर म्हणाली, ‘नंतर. आधी चौकट कुठे आहे?’ काक फरीदांनी खुर्ची आणली. इंदायने ती पायाने बाजूला सारली आणि खाली फतकल मारली. मुलं आपोआप गोल करून बसली, कुणी सांगायला लागलं नाही.

मग तिने बोटांनी वाचायला सुरुवात केली. शेपटीकडून. एकेक गाठ.

‘हे प्लास्टिक आहे.’

मी म्हटलं, ‘पानांची दोरी इथे कोण देणार?’

‘हं.’ बोटं पुढे सरकत गेली. ‘पाठ चांगली आहे. कुणाची पोर ही? पाठ फार चांगली आहे.’ मग जबड्यापाशी आली आणि थांबली. ‘आणि हे काय, मासा की काकडी?’

टिंग फस्सकन हसला. मी म्हटलं, ‘मासा.’

‘कुणी बांधला?’

तिला माहीत होतं रे! तुझ्यामुळे सगळं माहीत होतं. पण तिला माझ्या तोंडून हवं होतं, सगळ्यांसमोर.

‘मी.’

‘कुणी सांगितलं होतं?’

‘कुणी नाही.’

‘स्वप्न पडलं?’

‘नाही.’

‘मग?’

‘पोर मरत होती, इंदाय.’

मला वाटलं, आता ती चौकट उचलून फेकणार, नाहीतर उठून निघून जाणार. तिने टोपलीतून जुना भात कापायचा विळा काढला आणि माझ्यापुढे धरला. ‘चाव.’ लोखंड चावलं की जीव घट्ट होतो, हे तुला सांगायला नको. मी चावला. माझ्या दातांचा त्यावर खडखड आवाज झाला. टिंगने तिला लगेच आपली आजी करून टाकली, म्हणाला, ‘इनी, मी पण चावू?’ ती म्हणाली, ‘तुला काय धाड भरलीय? एवढा जाड आहेस, तुझा जीव बाहेर पडायला वाट कुठे आहे?’ मुलं हसली. मला हसताना रडूच आलं.

मग ती म्हणाली, ‘आता नीट ऐक. कुणी विचारलं तर सांगायचं, इंदाय उमांगने सांगितलं म्हणून बांधलं.’

‘कुणी म्हणजे कोण?’

‘विचारेल तो. माणूस असो, नसो. म्हणायचं, मगर माझ्या आईची, मासेही माझ्या आईचे. काय घ्यायचं असेल ते तिच्याकडून घ्या.’

मी म्हटलं, ‘नाही. असं नाही म्हणणार मी.’

‘म्हणशील. मी तसं म्हणूनच बोटीत पाय ठेवलाय.’

त्यानंतर तिने माझा हात धरला आणि तिच्या बोटांखाली माझ्या बोटांनी तीन मासे नव्याने बांधून घेतले. ‘घट्ट. आणखी घट्ट. मासा आहे तो, पोहून जाईल.’ मुलं जवळ सरकून बघत होती. तिने कुणालाच दूर व्हा म्हटलं नाही. मुलग्यांनाही नाही. बेलायोंग, किती वर्षांनी मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. मला लाज वाटत होती की इतक्या भीतीत मला इतकं बरं कसं वाटतंय.

तिथून हॉस्पिटल. इंदाय जेलिया तिला बघून उठून उभी राहिली. इंदायने पोरीचा हात चाचपला, बोटं एकेक दाबून पाहिली. म्हणाली, ‘हात चांगला आहे. वेल पुरी का नाही केलीस?’ जेलिया कशीबशी म्हणाली, ‘कंटाळा आला, इनी.’ ‘मलाही यायचा,’ इंदाय म्हणाली. ‘तरी करायची.’

सोमवारी जेलियाने पेज मागितली. प्लेटलेट चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, ह्या तापाचं असंच असतं, एवढे दिवस काढले की उतार पडतो. असेल. मला कुणाशी भांडायचं नाही. बुधवारी तिला घरी सोडलं. जाताना इंदाय जेलियाने माझ्या हाताला हात लावला आणि विचारलं, ‘पोरीला पुन्हा पाठवलं तर शिकवणार कोण?’ माझ्या मागे खुर्चीवर इंदाय बसली होती, तिने उत्तर दिलं, ‘मी आहे ना इथेच.’ इथेच! मला विचारलंसुद्धा नाही. काक फरीदांनी लगेच शनिवारच्या वर्गाच्या पाटीवर तिचं नाव लिहून टाकलं.

मी इतकी खूश होते, बेलायोंग. एक अख्खा दिवस खूश होते.

काल सकाळी इंदायने भात अर्धाच खाल्ला. म्हणाली, भूक नाही. दुपारी अंग तापलं. मी रिक्षा न बघता तिला पाठुंगळी घेऊनच हॉस्पिटलात गेले. डॉक्टर म्हणाले, तोच ताप. डास दिवसा चावतात, ह्या वॉर्डात चार-पाच दिवस बसल्यात, त्यात नवल काय, घाबरू नका. जेलियाची खाट रिकामी होती. तिला त्याच खाटेवर ठेवलंय.

मी तिला म्हटलं, ‘इंदाय, शब्द परत घे. मला म्हणू दे की मासे माझे होते.’ ती म्हणाली, ‘गप गं. इतकी वर्षं मगरी बांधल्या, त्या मला ओळखतात. म्हाताऱ्या हाडांत त्यांना काय मिळणार?’ आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

पण थोड्या वेळापूर्वी तिने भात मागितला. हॉस्पिटलचा नको, घरचा, मीठ जास्त घालून, आणि सोबत नदीचा मासा. मी धावत खोलीवर आले, भात टाकलाय, तो शिजेपर्यंत हे लिहिते. पत्र मिळताच निघ. येताना तिची उशी आण. आणि मासा आण, ताजा. ती जेवतेय तोवर माझा जीव थाऱ्यावर आहे.

उमांग